वाचक विचारतात : ‘वॉशिंग्टन’ आडनावाची वाटचाल

गेल्या अंकातल्या इंग्रजी आडनावांवरच्या लेखात ‘वॉशिंग्टन’चा ओझरता उल्लेख होता : इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव, ते एका घराण्याचं आडनाव झालं, आणि आज ते लावणारे बहुतेक लोक अमेरिकेतले कृष्णवर्णीय आहेत. एवढ्यावर भागलं नाही, हे आलेल्या पत्रांवरून दिसतंच आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : गाव आधी की आडनाव आधी? ते पहिल्यांदा कोणी लावलं?

गाव आधी. ईशान्य इंग्लंडमध्ये न्यूकॅसल आणि संडरलंड यांच्या जवळ, जुन्या डरहॅम परगण्यात हे वॉशिंग्टन आहे. वासा नावाच्या कुणा सॅक्सन माणसाची वाडी, असा गावाच्या नावाचा अर्थ लावतात.

आडनावाचा धागा ११८३ पासून हाती लागतो. त्या वर्षी डरहॅमचे बिशप ह्यू दु प्यूसे यांनी आपल्या ताब्यातल्या गावांची आणि येण्याची मोजदाद करवली. ती वही ‘बोल्डन बुक’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात नोंद आहे की विल्यम द हर्टबर्न याने हर्टबर्न गावावरचा हक्क सोडला आणि बदल्यात वॉशिंग्टन घेतलं. चर्च आणि चर्चची जमीन मात्र या व्यवहारातून वगळली होती. वर्षाला ४ पौंड भरायचे आणि बिशप मोठ्या शिकारीला निघाले की ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर व्हायचं, अशी बोली होती. गाव बदललं तसं नावही बदललं, आणि विल्यम ‘द वेसिंग्टन’ झाला. सातारकर नगरला जाऊन स्थायिक झाला आणि त्याचा नगरकर झाला, तसाच हा प्रकार.

यातली मेख लक्षात ठेवा. ११८३ च्या आधी या घराण्याचा शोध घ्यायचा तर ‘वॉशिंग्टन’ नाव शोधून काहीच मिळणार नाही, ‘हर्टबर्न’ शोधावं लागेल. इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या शतकात भावाभावांची नावं वेगळी असणं अगदी सर्रास होतं. वंशपरंपरेनं एकच आडनाव चालवायची रीत जमीनदारांत आधी आली. सामान्य लोकांत ती दक्षिणेकडे साधारण १३५० पर्यंत रुजली, उत्तरेकडे त्यानंतर आणखी शंभरेक वर्षांनी.

प्रश्न : ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. मग सगळे वॉशिंग्टन डरहॅमचेच कशावरून?

नाहीतच. वेस्ट ससेक्समधलं वॉशिंग्टन हे वेगळं आणि तितकंच जुनं गाव आहे. तिथून बाहेर पडलेल्या माणसालाही शेजारगावच्या लोकांनी ‘वॉशिंग्टन’च म्हटलं असणार. शिवाय डर्बीशरमध्ये वेसिंग्टन नावाचं गाव आहे. त्याच्या नावाचं मूळ अगदी निराळं, विग्स्टन नावाच्या माणसाशी जोडलेलं आहे. पण डरहॅमचं घराणंही जुन्या कागदांत ‘वेसिंग्टन’ असंच लिहिलं जातं. १४१६ ते १४४६ या काळात डरहॅमच्या मठाचे प्रायर (प्रमुख) असलेले जॉन वेसिंग्टन हे त्याचं ठळक उदाहरण.

म्हणून नुसत्या स्पेलिंगवरून गाव ठरवू नका. माणूस कुठे जमीन धरून होता, कोणत्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) कर भरत होता, साक्षीला कोण होते, हे पाहा. शोध घेताना वेसिंग्टन, वॉसिंग्टन, वेशिंग्टन, वॉशेंटन ही सगळी रूपं तपासा. कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहीत. एकाच दस्तात एकाच माणसाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलंही सापडतं.

प्रश्न : डरहॅमचं घराणं नॉर्थॅम्प्टनशरच्या सल्ग्रेव्हला कसं पोचलं? मधे तर अर्धं इंग्लंड आहे.

लग्न आणि लोकर, या दोन कारणांनी.

तेराव्या शतकाच्या अखेरीस घराण्याची एक पाती लग्नसंबंधातून पश्चिमेकडे वेस्टमॉर्लंड आणि उत्तर लँकेशरच्या सीमेवर सरकली आणि वॉर्टन गावाच्या परिसरात स्थिरावली. मूळ गावातली थोरली पाती पुढे मुलाअभावी खुंटली आणि मालमत्ता मुलीबरोबर दुसऱ्या घरात गेली. वॉर्टनच्या सेंट ऑस्वल्ड चर्चच्या मनोऱ्यावर घराण्याचं ढालचिन्ह कोरलेलं होतं, ते आता झिजू नये म्हणून चर्चच्या आत आहे. पांढऱ्या ढालीवर दोन तांबडे आडवे पट्टे आणि वर तीन तांबड्या चांदण्या. वॉशिंग्टन शहराचा आजचा ध्वज याच ढालीवरून घेतलेला आहे.

वॉर्टनमध्ये १५०० च्या सुमारास जन्मलेला लॉरेन्स वॉशिंग्टन दक्षिणेकडे नॉर्थॅम्प्टनला गेला आणि लोकरीच्या व्यापारात वर आला. १५३२ आणि १५४५ असा दोनदा तो त्या शहराचा महापौर झाला. मधल्या काळात आठव्या हेन्रीनं मठ बरखास्त केले आणि त्यांच्या जमिनी विकायला काढल्या. नॉर्थॅम्प्टनच्या सेंट अँड्र्यू मठाच्या ताब्यातली सल्ग्रेव्ह गावची जहागीर लॉरेन्सनं १५३९ मध्ये राजाकडून विकत घेतली. किंमत ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्स. मठ बुडाले नसते तर लोकरीच्या व्यापाऱ्याला अशी इस्टेट सहजासहजी मिळाली नसती.

ती टिकली मात्र नाही. तिसऱ्या पिढीपर्यंत आमदनी आटली आणि १६१० मध्ये सल्ग्रेव्ह नात्यातल्याच लॉरेन्स मेकपीसला विकलं गेलं.

प्रश्न : मग अमेरिकेत कोण गेलं? आणि का?

महापौर लॉरेन्सचा पणतू, त्याचंही नाव लॉरेन्स (१६०२–१६५३), ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात शिकला, तिथेच फेलो झाला आणि पुढे एसेक्समधल्या पर्ली गावी धर्मगुरू झाला. उत्पन्न चांगलं होतं. पण राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटलं आणि १६४३ मध्ये संसदेच्या बाजूच्या प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट) मंडळींनी राजनिष्ठ म्हणून त्याची जागा काढून घेतली. दारूच्या गुत्त्यांत पडून असतो, असा आरोपही ठेवला. पुढे अगदी मामुली उत्पन्नाच्या चर्चवर त्याला दिवस काढावे लागले. मॉल्डन इथे त्याचं दफन झालं.

बायको ॲम्फिलिस मुलांना घेऊन हर्टफर्डशरमधल्या ट्रिंगला राहत होती. थोरल्या जॉनला ना इस्टेट मिळणार होती, ना विद्यापीठाची वाट उघडी होती. तो व्यापारी जहाजाकडे वळला. १६५६ मध्ये ‘सी हॉर्स ऑफ लंडन’ या जहाजावरून तंबाखूच्या व्यापारासाठी तो व्हर्जिनियाला गेला. परतीच्या आधी, १६५७ च्या सुरुवातीला, जहाज पोटोमॅक नदीत रुतलं. दुरुस्ती होईपर्यंत जॉनची तिथल्या जमीनदार नॅथॅनियल पोपशी ओळख झाली. त्याच्या मुलीशी, ॲनशी, लग्न झालं आणि सासऱ्यानं ७०० एकर जमीन दिली. जॉन राहिला. मागाहून धाकटा भाऊ लॉरेन्सही आला.

पुढचा क्रम असा : जॉन, त्याचा मुलगा लॉरेन्स (१६५९–१६९८), त्याचा ऑगस्टिन (१६९४–१७४३), आणि त्याचा जॉर्ज, म्हणजे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष. सल्ग्रेव्हच्या वाड्याला ‘जॉर्ज वॉशिंग्टनचं घर’ म्हणायची पद्धत आहे, तीत अर्थ इतकाच की त्यांच्या पूर्वजांनी ते बांधलं. ते विकलं गेलं तेव्हा स्थलांतरित जॉनचा जन्मही झालेला नव्हता.

प्रश्न : ही वंशावळ पक्की कशावरून? दुसरीकडे जॉनच्या वडिलांचं नाव वेगळं वाचलं.

तुम्ही वाचलं ते बहुधा जुन्या चुकीच्या वंशावळीतलं. ती चूक नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण आजही घरोघरच्या वंशवृक्षांत तीच होते.

१७९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडचे सर्वोच्च ढालचिन्ह-अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्याशी पत्रव्यवहार करून वंशावळ मांडली. अध्यक्षांनी १७९२ मध्ये घरात जेवढं ठाऊक होतं तेवढं कळवलं आणि या विषयाकडे आपण फार लक्ष दिलेलं नाही, असंही लिहिलं. त्यांना माहीत होतं ते एवढंच : जॉन आणि लॉरेन्स हे दोन भाऊ इंग्लंडच्या उत्तर भागातून आले, साल साधारण १६५७. हर्ड यांनी इंग्लंडमधल्या नोंदींत जॉन आणि लॉरेन्स नावाचे दोन भाऊ शोधले. ते सल्ग्रेव्हच्याच घराण्यात सापडले आणि जोडून टाकले.

१८६६ मध्ये वंशावळींचे अभ्यासक कर्नल जोसेफ चेस्टर यांनी ही जोडणी मोडून काढली. त्यांनी साधी गोष्ट केली : ते दोन भाऊ पुढे कुठे गेले हे पाहिलं. जॉन ‘सर जॉन’ झालेला होता आणि इंग्लंडमध्येच राहिला. लॉरेन्स धर्मगुरू होता, तोच पर्लीचा. व्हर्जिनियातला जॉन कुठेही ‘सर’ नाही आणि लॉरेन्स धर्मगुरू नाही. म्हणजे नावं जुळली, माणसं जुळली नाहीत.

खरी जोडणी हेन्री वॉटर्स या दुसऱ्या अभ्यासकानं १८८९ मध्ये दाखवली, आणि ती बाप्तिस्म्याच्या नोंदीतून नव्हे, मृत्युपत्रांतून. ट्रिंगच्या अँड्र्यू नोलिंग नावाच्या माणसानं, म्हणजे ॲम्फिलिसच्या सावत्र वडिलांनी, आपल्या मृत्युपत्रात ॲम्फिलिसच्या मुलांना नावानिशी वाटा दिला होता. त्यांत जॉन, लॉरेन्स आणि मार्था ही नावं होती. ॲम्फिलिस वारल्यावर तिच्या मालमत्तेचा कारभार ज्या मुलाकडे सोपवला गेला तो जॉन, आणि ती नोंद तो व्हर्जिनियाला निघण्याच्या थोडीच आधीची. आता पलीकडची बाजू पाहा. व्हर्जिनियातल्या जॉननं आपल्या मृत्युपत्रात बहीण मार्थासाठी इंग्लंडमधल्या पैशांतून १० पौंड आणि ती इकडे आली तर ४,००० पौंड वजनाची तंबाखू ठेवली. जॉन आणि लॉरेन्स ही नावं दर दुसऱ्या घरात होती. पण जॉन, लॉरेन्स आणि मार्था अशी भावंडं, तीही दोन्ही किनाऱ्यांवर योग्य वर्षांत, हा पुरावा भक्कम झाला.

हर्ड यांचं घराणं बरोबर होतं, पिढी चुकली. त्यांनी मुलांच्या जागी बाप आणि काका बसवले. तुमच्या वंशवृक्षात अशी चूक आहे का ते पाहायचं असेल तर प्रत्येक ‘जुळलेल्या’ माणसाच्या बाबतीत तीन गोष्टी तपासा. तो लहानपणीच वारला नाही ना? स्थलांतराच्या सालानंतर तो जुन्या गावात कर भरताना, लग्न करताना दिसत नाही ना? आणि बहिणींची, मेहुण्यांची, सावत्र नात्यांची नावं दोन्हीकडे जुळतात का? तिसऱ्या तपासणीचा सगळ्यात जास्त लोक कंटाळा करतात आणि खरी उकल तिथेच होते.

प्रश्न : जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म कुठे १७३१ तर कुठे १७३२ दिलेला असतो. बरोबर कोणता?

दोन्ही. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर होतं आणि वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जन्माच्या वेळी तारीख होती ११ फेब्रुवारी १७३१. सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ तारीख धरली गेली. तेव्हाचा ११ दिवसांचा फरक आणि वर्षाची नवी सुरुवात धरून ती तारीख २२ फेब्रुवारी १७३२ होते.

व्यवहारात हे कसं अडतं ते पाहा. मूल एप्रिल १६५० मध्ये जन्मलं आणि बापाचं दफन जानेवारी १६५० मध्ये, असं नोंदवहीत दिसलं की बाप मुलाआधी मेला असं वाटतं. प्रत्यक्षात तो जानेवारी आजच्या हिशेबानं १६५१ चा आहे. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चमधल्या जुन्या तारखा नेहमी ‘१६५२/५३’ अशा जोडसालात उतरवून घ्या. पर्लीच्या धर्मगुरूचं दफन याच कारणानं कुठे १६५२, कुठे १६५३ असं छापलेलं दिसतं. मूळ नोंद स्वतः ‘दुरुस्त’ करू नका. कुणीतरी ती तुमच्याकडून घेऊन पुन्हा एकदा ‘दुरुस्त’ करतं आणि साल दोन वर्षांनी सरकतं.

प्रश्न : आज हे आडनाव लावणारे बहुतेक कृष्णवर्णीय आहेत. ते सगळे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या गुलामांचे वंशज का?

नाही. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत १,६३,०३६ लोकांचं आडनाव वॉशिंग्टन होतं आणि त्यांतले जवळपास ९० टक्के कृष्णवर्णीय होते. गोरे साधारण ५ टक्के. जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचं मूल नव्हतं. १७९९ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्यांच्या मालकीचे, बाकी बहुतेक पत्नी मार्था यांच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीचे आणि काही भाड्यानं आणलेले. मृत्युपत्रानं सोडता आले ते १२३ च. त्या वर्षी खुद्द वॉशिंग्टन यांनी करवलेल्या यादीत बहुतेकांची फक्त पहिली नावं आहेत. एवढ्या लोकांपासून दोनशे वर्षांत दीड लाखांवर माणसं, तीही सगळी तेच आडनाव सांभाळून, असा हिशेब बसत नाही.

मग नाव आलं कुठून? काहींकडे मालकाकडून. पण तो मालक जॉर्ज असण्याची गरज नाही. त्यांचे भाऊ, पुतणे, चुलतभाऊ अशी मोठी वॉशिंग्टन मंडळी व्हर्जिनियात आणि पुढे दक्षिणेत इतरत्र मळे चालवत होती. बाकी बहुसंख्यांनी ते १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर स्वतः निवडलं. गुलामीतल्या माणसाला मालकाच्या कागदांत सहसा आडनाव नसे. आपापसांत अनेक कुटुंबं आडनाव वापरत, पण ते मालकाच्या हिशेबवहीत उतरत नसे. मुक्तीनंतर पगाराचा करार, लग्नाची नोंद, शाळेचा पट, मतदार यादी, सगळीकडे दोन नावं लागू लागली. तेव्हा वॉशिंग्टन हे देशातलं सर्वांत परिचित आणि मानाचं नाव होतं.

तिसरा मार्ग सहसा ध्यानात येत नाही. ‘वॉशिंग्टन’ हे तोवर पहिलं नाव म्हणूनही रूढ झालं होतं. पुढे नामवंत शिक्षणतज्ज्ञ झालेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांचं उदाहरण घ्या. १८५६ मध्ये व्हर्जिनियातल्या एका मळ्यावर ते गुलामीत जन्मले. मुक्तीनंतर वेस्ट व्हर्जिनियातल्या माल्डन इथल्या शाळेत हजेरी घेताना इतर मुलं दोन-दोन नावं सांगत होती, यांना फक्त ‘बुकर’ ठाऊक. त्यांनी तिथल्या तिथे आडनाव सांगितलं वॉशिंग्टन. त्यांच्या सावत्र वडिलांचं नाव होतं वॉशिंग्टन फर्ग्युसन. म्हणजे एका माणसाचं पहिलं नाव दुसऱ्याचं आडनाव झालं. अशा घरात वॉशिंग्टन नावाचा मालक शोधत बसलात तर वर्षं वाया जातील.

प्रश्न : माउंट व्हर्ननवरच्या एखाद्या गुलामानं हे आडनाव खरंच लावलं होतं का?

हो, हॅरी वॉशिंग्टन. गॅम्बिया नदीच्या परिसरात जन्मलेला हा माणूस माउंट व्हर्ननवर गुलाम होता. १७७६ मध्ये तो पळून ब्रिटिश सैन्याला मिळाला, कारण बंडखोरांच्या गुलामांनी आपल्याकडे यावं, त्यांना स्वातंत्र्य देऊ, असं ब्रिटिशांनी जाहीर केलं होतं. युद्ध हरल्यावर १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना ब्रिटिशांनी सोबत नेलेल्या सुमारे ३,००० कृष्णवर्णीयांची नोंदवही ठेवली. तिच्यात तो ‘लाबोंदांस’ जहाजावर आहे, वय ४३, आधी जनरल वॉशिंग्टनच्या मालकीचा. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात बर्चटाउन इथे त्याला वसवलं. जमीन खडकाळ, आश्वासनं अपुरी. १७९२ मध्ये १५ जहाजांतून साधारण १,२०० लोक पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले, त्यांत तो होता. तिथे वसाहत चालवणाऱ्या ब्रिटिश कंपनीनं जमिनीवर खंड लावला. त्याविरुद्धच्या १८०० च्या उठावात तो सामील झाला आणि त्याला बुलम किनाऱ्यावर हद्दपार केलं गेलं.

माझ्या मते या आडनावाचा सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात मोलाचा प्रवास हाच. जनरल वॉशिंग्टन ज्या सत्तेविरुद्ध लढत होते तिच्याच आश्रयाला जाऊन त्यांच्या गुलामानं त्यांचं नाव लावलं, आणि पुढे करावरूनच बंडही केलं.

प्रश्न : अमेरिकेतलं एखादं कृष्णवर्णीय वॉशिंग्टन कुटुंब मागे शोधायचं तर सुरुवात कुठून करावी?

आजपासून मागे, एका वेळी एक पिढी. १९५० पासून १८७० पर्यंतच्या जनगणना दर दहा वर्षांनी पाहत जा. १८९० ची जवळजवळ सगळी गेली आहे. १९२१ मध्ये लागलेल्या आगीत आणि पाण्यात ती खराब झाली. त्यामुळे १८८० आणि १९०० मध्ये वीस वर्षांची खिंड पडते. ती शहरांच्या डिरेक्टऱ्या, लग्नाच्या नोंदी आणि कराच्या याद्यांनी भरून काढा.

१८७० ही मोठी भिंत. मुक्त झालेल्या लोकांची पूर्ण नावं जनगणनेत पहिल्यांदा तिथे येतात. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या, त्यांत मालकाचं नाव असे आणि खाली गुलामांचं फक्त वय, लिंग, वर्ण. ही भिंत ओलांडायला पुढचे कागद कामाला येतात.

मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या (१८६५–१८७४) खातेदारांच्या नोंदवह्या सर्वांत आधी बघा. खातं उघडणाऱ्याचं जन्मस्थान, वय, धंदा, बायको-मुलं, आई-बाप, भावंडं त्यांत असतात. सुरुवातीच्या काही नोंदींत जुना मालक आणि मळाही असतो. खातेदाराची ओळख पटावी म्हणून हे विचारलं जाई. मुलगा किंवा भाऊ मैलोन्‌मैल दूर विकला गेल्याचंही कधीकधी तिथेच कळतं. बँक मोजक्या शहरांत होती, म्हणून आपला माणूस नसला तरी त्याचा भाऊ किंवा बहीण शोधा.

त्यानंतर फ्रीडमन्स ब्युरोचे, म्हणजे मुक्त झालेल्यांना मदत करणाऱ्या सरकारी खात्याचे (१८६५–१८७२), मजुरीचे करार, धान्यवाटपाच्या याद्या. मुक्तीनंतरचे पहिले करार बऱ्याचदा जुन्या मालकाशीच झालेले असतात, त्यामुळे करारातला गोरा माणूस कोण हे टिपून ठेवा. व्हर्जिनियात १८६६ च्या सहजीवन नोंदी आहेत. गुलामीत झालेली लग्नं कायदेशीर ठरवण्यासाठी त्या केल्या गेल्या आणि काहींत शेवटच्या मालकाचं नाव आहे. दक्षिणेतल्या राज्यांत १८६७ च्या मतदार नोंदणीतही कृष्णवर्णीय पुरुष नावानिशी येतात. कुटुंबातला कोणी अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–१८६५) लढला असेल तर त्याच्या पेन्शनची फाइल मागवा. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे आणि त्यासाठी जुने शेजारी, सोबतचे गुलाम, कधी जुना मालकही शपथेवर जबानी देई.

मालकाचं नाव हाती आल्यावर शोध उलटा फिरतो. आता त्या गोऱ्या घराचं मृत्युपत्र, वाटणीपत्र, मालमत्तेची मोजदाद, कर्जाचे गहाणखत वाचायचं. गुलामांची पहिली नावं आणि किमती तिथे असतात. वयांचा मेळ १८६० च्या यादीशी घाला, पण ४-५ वर्षांचा फरक सहन करा. मालकानं वय अंदाजानं सांगितलेलं असे.

सर्वांत जास्त चूक होते ती मालकाचं आडनावही वॉशिंग्टनच असणार असं धरून चालण्यात. १८७० च्या पानावर कुटुंबाच्या शेजारच्या घरांतले, जमीन असलेले गोरे शेतकरी आधी तपासा. आडनाव काहीही असो.

प्रश्न : डीएनए चाचणीनं थेट कळेल का?

कोणती चाचणी, यावर आहे. साधी चाचणी सगळ्या पूर्वजांकडून आलेलं वाण पाहते, पण दर पिढीत प्रत्येक पूर्वजाचा हिस्सा सरासरी निम्मा होतो. तिसऱ्या पायरीच्या (खापरपणजोबा एकच असलेल्या) चुलत-मावस भावंडांत दहापैकी नऊ वेळा काहीतरी जुळतं, चौथ्या पायरीला साधारण निम्म्या वेळा. म्हणजे १८७० ची भिंत ओलांडण्यापुरती ती उपयोगी. सतराव्या शतकातल्या जॉनपर्यंत ती नेणार नाही. घरातल्या सर्वांत जुन्या पिढीची चाचणी आधी करा, नातवाची नंतर.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं, म्हणून आडनावाच्या शोधात ते खरं कामाचं. पण फक्त अखंड पुरुषवंशात. आडनाव निवडलेलं असेल किंवा आईकडून आलेलं असेल तर ते जुळणार नाही, आणि त्यात बिघडल्यासारखं काही नाही. अध्यक्षांचा भाऊ सॅम्युअल याच्या वंशातल्या अवशेषांचा वेस्ट व्हर्जिनियात अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून जॉर्ज यांच्या वाय गुणसूत्राचा आराखडा अनुमानानं मांडता आला. जुळणी शोधणाऱ्यांना आता तुलनेला काहीतरी आहे.

प्रश्न : आणि इंग्लंडमधल्या वॉशिंग्टन कुटुंबासाठी?

तिथे काम सरळ आहे. जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून. १८७५ पर्यंत नोंद न केल्याबद्दल आईबापांना दंड नव्हता, त्यामुळे सुरुवातीचे काही जन्म सुटलेले असतात. न सापडल्यास बाप्तिस्मा पाहा. जनरल रजिस्टर ऑफिसच्या नव्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून मिळतं, जुन्या छापील सूचीत ते १९११ पासूनच आहे. जनगणना १८४१ ते १९२१ पर्यंत खुली. १८४१ ची जपून वापरा : पंधरा वर्षांवरच्यांचं वय सहसा पाचाच्या पटीत खाली आणलेलं आहे आणि जन्मगाव दिलेलं नाही, फक्त त्याच परगण्यात जन्म झाला का एवढंच. गाव १८५१ पासून मिळतं.

त्यामागे पॅरिशच्या वह्या, १५३८ पासून. १६४० आणि १६५० च्या दशकांत यादवीमुळे पानंच्या पानं कोरी असतात. त्या काळासाठी मृत्युपत्रं बघा. १६५३ ते १६६० मध्ये स्थानिक धर्मन्यायालयं बंद असल्यानं सगळ्या देशाची मृत्युपत्रं लंडनला मंजूर होत, आणि ती आता लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एकत्र आहेत.

प्रश्न : आडनाव वॉशिंग्टन असेल तर ते ढालचिन्ह वापरता येतं का?

इंग्लंडच्या रिवाजानुसार ढालचिन्ह माणसाला आणि त्याच्या पुरुषवंशजांना मिळतं, आडनावाला नाही. ‘तुमच्या आडनावाचं चिन्ह’ म्हणून चौकटी विकणाऱ्यांकडून वंशाचा कोणताही पुरावा मिळत नाही.

प्रश्न : न्यूयॉर्क बंदरात उतरताना अधिकाऱ्यांनी आडनावं बदलली, असं ऐकतो. वॉशिंग्टन असं झालं का?

त्या बंदरातल्या एलिस बेटावरचं स्थलांतरितांचं तपासणी केंद्र १८९२ ला सुरू झालं आणि तिथले अधिकारी जहाज कंपनीनं निघतानाच्या बंदरात भरलेली यादी तपासत. नावं तिथे लिहिली जात नसत. लोकांनी नावं बदलली ती नंतर, स्वतः, नोकरी-धंद्याच्या सोयीसाठी. असा बदल शोधायचा तर नागरिकत्वाच्या अर्जात पाहा. १९०६ नंतरच्या अर्जांत जन्मस्थान, जहाज आणि आगमनाची तारीख असते, आणि नाव बदललं असल्यास जुनं नाव बहुधा तिथेच सापडतं.